खालची ओळ

“भिंत अजून वल्ली हाये, हात नोका लावू, आत्याबाई!”

जमुना हसत हसतच बोलली. पांढऱ्या मातीनं कोपरापर्यंत माखलेले हात लुगड्याला लागू नयेत म्हणून तिनं दोन्ही बाजूंना पसरून धरले होते. सासू पाच दिवसांनी अमरावतीहून परतली होती. अंगणात बैल अजून जुवाखालून सुटायचे होते, आणि पायावर पाणीही न घेता ती सरळ सैपाकघरात आली होती. जमुनेला वाटलं, पांढऱ्या मातीच्या पोताऱ्याचा वास तिला अंगणातच आला असावा. सगळ्या घरात ओल्या मातीचा गोडसर वास भरून राहिला होता.

मनकर्णाबाईनं तरीही हात लावला. चुलीच्या उजव्या अंगाची ती भिंत. तिचा तळवा वरून खाली आला, पुन्हा वर गेला. बोटं पांढरी झाली.

“इथं गेरू होता,” ती म्हणाली.

“होता नं. नागपंचमीचे जुने चित्र. सारे पुसून काहाडले.” जमुनेचा आवाज अजून आनंदातच होता. “आमच्या अकोल्याले म्हंतात, सरावनातल्या नागानं दिवाईचा दिवा पाहू नये. तुमी यायच्या आंधी करून टाकू म्हनलं. काल आन् आज, दोन दिवस लागले.”

“नाग नव्हते वं ते.”

“मंग काय होतं?”

चुलीपुढचा पाट मनकर्णाबाईनं पायानं चाचपला, ओढला आणि त्यावर बसली. डोळ्यांत अमरावतीच्या वैद्यानं घातलेल्या औषधाची पिवळी रेघ अजून सुकलेली होती. जमुनेचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

ती भिंत म्हणजे त्या घराचा सैपाक होता.

भातकुलीच्या अलीकडच्या त्या गावात अक्षर फक्त कुळकर्ण्याच्या घरी होतं, आणि तेही पुरुषांच्या हातात. पण मनकर्णाबाईची सासू पार्वताबाई मोठी उंच आणि मोठी हिकमती बाई. तिनं आपली स्वतःची खूण काढली होती. आधी जिन्नसाचं चित्र: गव्हाची लोंबी, वांगं, ताकाचं गाडगं. त्यापुढं गेरूची टिंबं. एक टिंब म्हणजे जात्याच्या तोंडात एक मूठ, आणि एक मूठ म्हणजे एक ओवी. ओवी संपली की दुसरी मूठ. उभी रेघ म्हणजे मापटं. आडवी रेघ म्हणजे भिजवणीचा एक दिवस. कुरडयांच्या गव्हापुढं अशा तीन आडव्या रेघा होत्या. घरच्या पाच पानांची एक ओळ, तिच्याखाली त्याच पदार्थाची वीस पानांची, तिच्याखाली चाळीस पानांची. कढी, काळा मसाला, रोडगे, सांडगे, खारोड्या, आंबील, बाळंतिणीचे लाडू, तेराव्याचे वडे. जन्मापासून मरणापर्यंत जे जे म्हणून रांधावं लागतं, ते सगळं तिथं होतं.

वरच्या ओळी पार्वताबाईच्या. तिचा हात तिथवर पोचायचा. मधल्या ओळी मनकर्णाबाईच्या. दर वर्षी दिवाळीत बाकीच्या तीन भिंतींना पोतारा मिळे आणि या भिंतीला फक्त गेरू. फिकट झालेलं टिंब पुन्हा ओलं व्हायचं.

आणि सगळ्यांत खाली, कमरेएवढ्या उंचीवर, एक ओळ रुख्मिणीची.

मनकर्णाबाईची ही लेक आठ वर्षांची असताना देवीच्या तापात गेली. त्याच्या आदल्या दिवाळीत गेरूची वाटी घेऊन ती भिंतीशी उकिडवी बसली होती. “माहा बी एक सैपाक लिवून ठेवतो,” म्हणाली, आणि जीभ बाहेर काढून टिंबं देत राहिली. चित्र काही काढलं नव्हतं. मनकर्णाबाईनं विचारलं, “काय हाये वं हे, रुखमे?” तर ती म्हणाली, “सांगन मंग. मोठी झाल्यावर.”

ती ओळ कशाची, हे मग कुणालाच कळलं नाही. पण भाकर थापताना मान उजवीकडं वळली की समोर तीच यायची. बावीस वर्षं मनकर्णाबाईनं भाकरी थापल्या त्या तिच्यासमोर बसून.

जमुना या वैशाखात नांदायला आली. सासूनं तिला भाकरी दिल्या, चूल दिली, दूध-दही दिलं, पण भिंत सांगितली नाही. आज सांगू, उद्या सांगू. सगळं सांगून झालं की आपल्यापाशी काय उरणार, असं एक मनात होतं. आणि दुसरं असं, की वरून सांगत आलं की कधी तरी खालच्या ओळीपर्यंत यावंच लागेल.

अमरावतीला बहिणीकडं ती गेली होती ती डोळे दाखवायला. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढं धूर साचत चालला होता. वैद्यानं औषध घातलं, पण बोलताना तो तिच्याशी बोललाच नाही, बहिणीशी बोलला. त्यावरून ती काय ते समजली. परतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग काही केल्या सरत नव्हती. तिची गाडी रस्त्याच्या कडेनं खडखडत होती, आणि ती मनातल्या मनात शब्द जुळवत होती: जमुने, बस इथं. ही लोंबी पाय. हे टिंब म्हंजे मूठ. सगळं सांगायचं. थंडीच्या आत सांगून टाकायचं.

आणि घरी येऊन पाहते तो भिंत पांढरी.

तिचा मुलगा खुशालराव शेतावरून आला तो उंबऱ्यातूनच बोलत आला. “आये, परवा शीतादही करून टाकू. बोंडं फुटून वावर पांढरं झालं. चाळीस बाया सांगितल्या, चाळीसच्या चाळीस येतो म्हनल्या. तिकडं केशवरावाच्या वावरात एकबी जायाले तयार नाई.”

कापसाची पहिली वेचणी म्हणजे शीतादही. वावरात मातीची पूजा करायची, दहीभात शिंपायचा, आणि वेचायला आलेल्या बायांना तिथंच पोटभर जेवू घालायचं. एरवी हा घरगुती सोहळा. पण त्या सालांत सगळंच वेगळं झालेलं. सात समुद्रांपलीकडं कुणाची तरी लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला होता, आणि इथं वऱ्हाडात एकेका बोंडाला मान आला होता. लोक गाद्या उसवून आतला कापूस विकत होते. सगळ्यांचीच वावरं एकदम फुटलेली आणि वेचणाऱ्या बाया तेवढ्याच. मग बाया पहिल्या दिवसाचं जेवण पाहूनच ठरवायच्या, पुढचा महिनाभर कुणाचं वावर वेचायचं. मनकर्णाबाईच्या हातची कढी आणि वांग्याची भाजी खाऊन गेलेली बाई दुसऱ्याच्या बांधावर चढत नसे.

“काऊन? बोलत काऊन नाई?” खुशालरावनं विचारलं. मग त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. तो बायकोकडं वळला. “तू पुसलं?”

“तिले नोको बोलू,” मनकर्णाबाई म्हणाली. “तिले कोनं सांगितलं होतं? मी सांगितलं नाई.”

“मंग आता?”

“आता काय. हात हायेत नं माहे.”

“आंधीच कागदावर उतरून ठेवलं असतं तं? कुळकर्ण्याले बोलावतो. तू सांग, तो लिवून घेईन.”

“आन् वाचन कोन? चूल?”

खुशालराव हसला नाही. बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून तो बाहेर गेला. जमुना कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातांवरची माती वाळून भेगाळली होती, आणि ते हात धुवावेत की नाही हेही तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई काळा मसाला करायला बसली. धणे भाजले, तीळ भाजले, खोबरं, मिरच्या, दगडफूल. चाळीस पानांचा मसाला. मुठी मोजताना तिची मान सवयीनं उजवीकडं वळायची, तिथं पांढरं दिसायचं, आणि हातातली मूठ कितवी ते ती विसरून जायची. दोनदा परातीतलं पुन्हा डब्यात गेलं.

कुटून झालं तेवढ्यात परसातून हलीमाबी आली. तिचा नवरा पिंजारी. भिंतीला भिंत लागून दोघींनी तीस वर्षं संसार केले होते. तिनं चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

“क्या डाले, बाई?”

“नेहमीचंच.”

“नेहमीचं? ये खाके तो वेचणाऱ्या बाया नदी पार पळतीन. धन्याच्या पोत्यात मिरची पडली, असं लागून राहिलं.”

“तुही जीभ भाजली असंन.”

“मेरी जीभ को कुछ नहीं हुआ. तुमारे हात को झालं काही तरी.” मग तिची नजर भिंतीवर गेली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “या अल्ला. सबके सब?”

“सारं.”

हलीमाबी जमिनीवर टेकली. मग ती म्हणाली, “शेवया मले याद हायेत. दोनों मिलके करते थे. शेवया वर होत्या, खिडकीजवळ. दोन उभ्या रेघा, एक आडवी. रात भिजवायचे.”

“त्या याद हायेत तुले?”

“उनका तो पाठ हो गया. बाकीचं मले काय मालूम? मैं तो आपको देखती थी, दीवार को नहीं.”

जमुना हे सगळं ऐकत होती. तिनं घमेल्यात थोडं पाणी घेतलं, त्यात फडकं भिजवलं आणि भिंतीशी जाऊन एका कोपऱ्यातली पांढरी माती हळूच पुसायला लागली, खाली काही उरलंय का पाहायला. माती निघाली, तिच्याबरोबर लालसर पाणी निघालं, आणि मागं नुसती गढूळ भिंत उरली.

“नोको, पोरी,” मनकर्णाबाई म्हणाली. “हाये तेही जाईन.”

दुपारी आणखी एक अडचण उभी राहिली. कढीचं बेसन दळायचं होतं. घरात कापसाचा पैसा आला तसं दळण घराबाहेर गेलं होतं. तीन वर्षं पलीकडच्या वस्तीतली एक बाई येऊन दळून जायची. आता ती बाईही वेचणीला गेलेली. गावात दळायला रिकामा हात उरला नव्हता. कोपऱ्यातलं जातं पोत्याखाली झाकून पडलं होतं, खुंटा सैल झाला होता.

“मी दयतो,” जमुना म्हणाली.

“एकटीच्यानं नाई होत चाळीस पानांचं. सरक तिकडं.”

दोघी समोरासमोर बसल्या. मनकर्णाबाईनं खुंटा ठोकला, तोंडाशी हरभऱ्याची डाळ ओढली. पहिला वळसा जड गेला. दुसरा त्याहून हलका. तिसऱ्याला जात्याची घरघर लागली, आणि त्या घरघरीत मनकर्णाबाईच्या तोंडून, जणू कुणी आतून हाक मारावी तशी, ओवी निघाली:

चूल माय बोले, आधी मला सारवा,
मग हात हिरवा, भाजीला लावा.

तिनं एक मूठ टाकली. ती स्वतःच दचकली. ही ओवी तिनं तीन वर्षांत म्हटली नव्हती. पार्वताबाईची ओवी. तिच्यापाठची आली, तिच्यापाठची आली. कढीच्या ओव्या वेगळ्या होत्या, मसाल्याच्या वेगळ्या; कढीच्या माहेरच्या, मसाल्याच्या देवांच्या. एका ओवीला एक मूठ. माहेरच्या वाटेवरचं पिंपळाचं झाड आलं, विहीर आली, भाऊ आला, भावजय आली, भावजयीचा रुसवा आला.

पाचव्या ओवीला, पाचामुखी घास,
चुलीला सुवास, कढीचा गं.

जमुनेनं एक हात खुंट्यावरून काढला, झालेल्या ओव्यांचे पाच दाणे डाळीतून उचलून मांडीवर ठेवले. पुढच्या ओवीला आणखी एक. सासूनं ते धूसर डोळ्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे, पण तिनं आवाज जरा मोठा केला आणि ओव्या जरा सावकाश म्हणू लागली.

भाऊ बहिणीला बोळवायला वेशीपर्यंत आला आणि ओवी संपली. मनकर्णाबाईनं हात आखडला. पुढची ओवी तोंडात नव्हतीच.

“झालं,” ती म्हणाली. “चाळीस पानांचं झालं.”

जमुनेनं दाणे मोजले. “सतरा.”

“सतराच होते,” सासू म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. “कढीपुढं सतरा टिंबं. मले आता दिसून राहिले ते.”

मग देवांच्या ओव्या झाल्या आणि धणे नेमके झाले. हलीमाबीनं पुन्हा येऊन मसाला चाखला आणि काही न बोलता आणखी एक चिमूट घेतली. “एक चिमूट घरी घेऊन जातो,” ती म्हणाली, “नाई तं हे पुन्हा भुलंन.”

दिवस कलायच्या आधी मनकर्णाबाईनं गेरू कालवला. वाटी जमुनेच्या हातात दिली.

“मी?”

“मंग कोन? मले दिसत नाई, आन् तुले मी सांगितलं नाई. दोघींचं मियून एक मानूस होते. काहाड.”

जमुनेनं ताकाचं गाडगं काढलं. ते वाकडं झालं. सतरा टिंबं दिली. तिच्यावर वीस पानांची, सगळ्यांत वर घरच्या पाचांची. वांगं काढलं, लोंबी काढली. सासू ओवी म्हणायची, जमुना बोट बुडवायची. उंचीनं ती पार्वताबाईएवढीच होती. तिचा हात सहज वर पोचायचा. शेवयांची ओळ हलीमाबीनं सांगितली तशी खिडकीजवळ गेली. कुरडयांच्या तीन आडव्या रेघा झाल्या. बाळंतिणीचे लाडू काढताना जमुना लाजली आणि सासू त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

असं करत हात कमरेपर्यंत आला.

मनकर्णाबाई पाटावरून उठली. भिंतीशी आली आणि सावकाश, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. रुख्मिणी बसली होती तिथंच.

“इथं एक ओय होती,” ती म्हणाली. “माह्या रुखमीची.”

जमुनेला आतापर्यंत हे नाव घरात कुणी सांगितलं नव्हतं. मनकर्णाबाईनं तिला सगळं सांगितलं. देवीचा ताप, दिवाळी, जीभ बाहेर काढून दिलेली टिंबं, आणि मोठी झाल्यावर सांगीन हे शब्द. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं न सांगितलेलं सांगायला इतका थोडा वेळ लागतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“याची ओवी नाई,” ती म्हणाली. “तिनं सांगितलीच नाई नं. मले तिथं दोन वर्षांपासून नुसता तांबूस धूर दिसे. त्याच्या आंधी डोये होते, पन मी कधी मोजले नाई. कशाले मोजू? रोज समोरच होते.” ती थांबली. “पुसाच्या आंधी तू पायलं असंन. तुहे डोये चांगले हायेत. सांग, पोरी. किती टिंबं होते?”

गेरूची वाटी जमुनेच्या हातात होती. बाहेर गाडीतून वांग्यांची पाटी उतरवल्याचा आवाज झाला. सात म्हटलं असतं तरी चाललं असतं. नऊ म्हटलं असतं तरी. सासूनं लगेच बोट बुडवून तेवढी टिंबं दिली असती, आणि पुढची सगळी वर्षं ती लेकीचीच मानली असती. जमुनेच्या ओठांवर नऊ हा आकडा आलाही होता.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मले नाई मालूम. मी पायलंच नाई. खालचं तं मी सगळ्यात आंधी पुसलं. बसल्या बसल्या हात पोचत होता म्हून.”

मग ती रडली. दोन दिवसांचं सगळं एकदम.

मनकर्णाबाई भिंतीकडंच पाहत होती. तिनं चाचपत हात पुढं केला आणि जमुनेच्या हातातली वाटी काढून घेतली, सांडू नये म्हणून.

“बरं झालं,” ती म्हणाली. “कायबी सांगितलं असतं तं मी तेच धरून बसली असती. उगी राय. तुह्या पोताऱ्याचा एकच हात हाये तिच्यावर. ती तिथंच हाये, आतमंदी. आता दुसरा हात नोको देऊ, बस.”

शीतादहीला चाळीस बाया जेवल्या. वावराच्या बांधावर रोडगे भाजले, जमुनेनं कढी वाढली, आणि एका म्हातारीनं तिसऱ्यांदा वाटी पुढं करत विचारलं, “कढी कोनाच्या हातची?” खुशालराव आईचं नाव घेणार होता, तोच मनकर्णाबाई मध्येच म्हणाली, “सुनेच्या.” त्या महिन्यात एकही बाई दुसऱ्याच्या बांधावर गेली नाही.

पुढच्या दिवाळीला मनकर्णाबाईच्या डोळ्यांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. ती चुलीपुढच्या पाटावर बसून पोताऱ्याचा आवाज ऐकत होती. जमुना बाकीच्या तीन भिंती करून उजवीकडच्या भिंतीशी आली होती. वरच्या ओळींना ती गेरू देत होती, आणि खाली, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथं पांढऱ्या मातीचं फडकं फिरवत होती. ओल्या फडक्याचा आवाज भिंतीवरून सरकत आला. कमरेएवढ्या उंचीवर एका जागी तो थांबला. वीतभर वळसा घेतला, आणि पलीकडून पुन्हा सुरू झाला.

मनकर्णाबाईनं परातीत पीठ ओढलं आणि मान उजवीकडं वळवून भाकर थापायला घेतली.